आपला शिक्का आपल्याच हाती

(मालेगाव येथे नोकरीच्या शोधात असलेले तरुण, त्यांचे पालक आणि कार्यकर्ते यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून अनेकांना थोडे नवल वाटले असेल. नोकरी कशी मिळवावी, मुलाखतीला कसे सामोरे जावे, यावर व्याख्याने पुष्कळ होतात. परंतु नोकरीचा शोध चालू असताना आपली ई-मेलची आणि आंतरजालावरील इतर खाती कशी सांभाळावीत, यासाठी स्वतंत्र सभा भरवावी इतका हा विषय मोठा आहे काय? मी कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. संगणकाचे शास्त्र सांगण्याचा अधिकार माझा नाही. मात्र बातमीच्या निमित्ताने तरुणांमध्ये वावरताना जे दिसते ते सांगितलेच पाहिजे. मालेगाव, सटाणा, कळवण, देवळा या आपल्या पट्ट्यातील मुलांच्या संधी केवळ गुण कमी पडले म्हणून जात नाहीत. मुलाखतीचे पत्र आले, पण ते उघडण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती, म्हणूनही त्या जातात. आणि कधी कधी संधीहून मोलाची वस्तू जाते. माणसाचे नाव जाते.

दारात येणारे पत्र

येथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल, मुलाखतीचा कॉल पूर्वी टपालाने येई. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलेले असे, त्या कार्डाचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागे आणि ते चुकले तर ज्येष्ठता जाई, म्हणून घरातील वडीलमाणूस ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवी. पोस्टमन गल्लीत शिरला की चार घरांना कळे. तो माणसे ओळखत असे. रजिस्टर पत्र असेल तर सही घेतल्याशिवाय हातात देत नसे. म्हणजे पत्र योग्य माणसाला पोहोचवण्याची काळजी आपल्या वतीने दुसरे कोणीतरी वाहत होते.

ती व्यवस्था आता इतिहासजमा होत आहे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आले. जाहिरात, अर्ज, शुल्क, प्रवेशपत्र, निकाल, नियुक्तिपत्र असा सारा व्यवहार पडद्यावर आला. केंद्र सरकारचे राष्ट्रीय करिअर सेवेचे संकेतस्थळ जुलै २०१५ मध्ये सुरू झाले, राज्याचे महास्वयम् आहे, लोकसेवा आयोगाचे अर्ज ऑनलाइन आहेत. सोय झाली यात शंका नाही. कळवणच्या मुलाला अर्जासाठी मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. पण पोस्टमन करीत असलेले राखणीचे काम आता कोणाकडे आले? ते आपल्याकडे आले आहे, आणि ते आपल्याकडे आले आहे हे अनेकांना कळलेलेच नाही.

शिक्का कोणाच्या स्वाधीन?

आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांची परंपरा आठवा. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब असे. मजकूर कोणा कारकुनाच्या हातचा असे, पण पत्राला अधिकार येई तो शिक्क्याने. म्हणून शिक्के-कट्यार ज्याच्या स्वाधीन, त्याच्या हाती कारभार, असा तो प्रकार होता. शिक्का विश्वासू माणसाकडे असे आणि तो कोणाकडे आहे हे धन्याला ठाऊक असे.

आज प्रत्येक तरुणाकडे असा शिक्का आहे. त्याचे ई-मेल खाते, त्याचा मोबाइल क्रमांक आणि त्या क्रमांकावर येणारा सहा आकडी ओटीपी, हे तिन्ही मिळून त्याचा शिक्का होतो. या तिघांच्या बळावर बँकेचे खाते उघडते, अर्ज भरला जातो, विसरलेला पासवर्ड बदलता येतो, डिजिलॉकरमधील गुणपत्रिका उघडते. ई-मेल ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात बाकीची सारी खाती येऊ शकतात, कारण 'पासवर्ड विसरलो' असे म्हटले की नवा पासवर्ड ठरवण्याची वाट बहुधा ई-मेलमधूनच जाते. तेव्हा पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: माझा शिक्का आज नेमका कोणाच्या स्वाधीन आहे?

उत्तर अनेकदा चकित करणारे असते. आपल्या गावागावांत झेरॉक्सचे दुकान, नेट कॅफे किंवा सेवा केंद्र असते. शेवटची तारीख जवळ आलेली असते, बाहेर रांग असते. मुलाला स्वतःचा ई-मेल पत्ता आठवत नाही. दुकानदार घाईत स्वतःचाच पत्ता टाकतो, नाहीतर तिथल्या तिथे नवा पत्ता तयार करतो, पासवर्ड स्वतःच ठरवतो आणि अर्ज भरून देतो. त्याच्या मनात वाईट काहीच नसते. त्याने मदतच केलेली असते. पण चार महिन्यांनी प्रवेशपत्र येते तेव्हा ते त्या पत्त्यावर येते. दुकान बंद झालेले असते, किंवा दुकानदाराला शेकडो मुलांतील हा एक मुलगा आठवत नसतो. वर्षभर पहाटे उठून केलेला अभ्यास एका अनोळखी टपालपेटीत पडून राहतो.

म्हणून पहिला नियम असा: अर्ज कोणाकडूनही भरून घ्या, पण ई-मेल आणि मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्या आणि पासवर्ड स्वतःच्या बोटांनी टाका. दुसऱ्याच्या संगणकावर काम झाले की खात्यातून बाहेर पडा, आणि 'पासवर्ड जतन करू का?' असे यंत्राने विचारले तर 'नाही' म्हणा. घरी आल्यावर आपल्या खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन ते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे याची यादी पाहा. अनोळखी उपकरण दिसले की तेथून खाते बंद करा आणि पासवर्ड बदला.

पत्ता, क्रमांक आणि नाव

नोकरीसाठी एक वेगळा ई-मेल पत्ता असावा. खरेदीच्या जाहिराती, खेळ, चित्रपट यांच्या गर्दीत मुलाखतीचे पत्र हरवू नये, एवढाच त्यामागचा हेतू. पत्ता स्वतःच्या नावाचा असावा. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हौसेने घेतलेला 'डॅशिंग बॉय' किंवा 'किंग ऑफ मालेगाव' हा पत्ता मित्रांत शोभतो, अर्जावर शोभत नाही. पत्त्यात जन्मसालही घालू नये. जन्मतारीख ही अनेक ठिकाणी ओळख पटवण्यासाठी विचारली जाते, ती आपणच जगाला का सांगावी?

नावाचा एक गुंता खास आपल्याकडचा आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी असते. कोठे वडिलांचे नाव गळते, कोठे इंग्रजी अक्षरांत एखादा 'ए' जास्त पडतो. मुलींच्या बाबतीत विवाहानंतर आणखी एक नाव येते. अर्जात नाव कसे लिहायचे ते जाहिरातीत दिलेले असते. बहुधा दहावीच्या प्रमाणपत्रानुसार लिहायचे असते. ते एकदा कागदावर उतरवून ठेवा आणि प्रत्येक खात्यात, प्रत्येक अर्जात अक्षरशः तसेच लिहा. कागदपत्रांच्या पडताळणीच्या वेळी धावपळ करण्यापेक्षा आधार वा पॅनमधील दुरुस्ती आधीच करून घेतलेली बरी.

मोबाइल क्रमांकाकडे तर फारच दुर्लक्ष होते. स्वस्त योजना मिळाली की नवे सिम, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण दीर्घकाळ न वापरलेला क्रमांक कंपनी बंद करते आणि काही काळाने तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग आपल्या खात्याचा ओटीपी परक्याच्या हाती पडतो. शोध चालू असेपर्यंत क्रमांक बदलू नये. बदलावाच लागला तर जुना चालू असतानाच बँक, आधार, ई-मेल आणि अर्जाची संकेतस्थळे येथे नवा नोंदवून घ्यावा. ज्या घरांत सर्वांची खाती वडिलांच्या मोबाइलला जोडलेली आहेत तेथे अडचण वेगळी असते. मुलगा पुण्याला चाकणच्या कारखान्यात मुलाखतीला उभा असतो आणि ओटीपी येथे यंत्रमागाच्या खडखडाटात वडिलांच्या खिशात वाजत असतो. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचा किंवा मुलीचा क्रमांक त्यांच्या स्वतःच्या नावावर असावा, हे पालकांनी मनावर घ्यावे.

वही आणि नित्यनेम

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर कसे असावे, समास कसा सोडावा, कागद कसा राखावा, याचा विचार त्या विरक्त पुरुषाला महत्त्वाचा वाटला. व्यवहारातील नेटकेपणा ही क्षुद्र गोष्ट नाही, हे आपल्या परंपरेने केव्हाच सांगून ठेवले आहे. तोच नेटकेपणा येथे आणायचा आहे.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक अर्जाला एक पान द्या. तारीख, पदाचे नाव, संकेतस्थळाचा पत्ता, अर्ज क्रमांक, तेथील वापरकर्ता-नाव, भरलेले शुल्क आणि पुढची अपेक्षित तारीख त्यावर लिहा. भरलेला अर्ज आणि शुल्काची पावती संगणकात जतन करा आणि एक प्रत छापून ठेवा. संकेतस्थळे बदलत असतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने मे २०२५ मध्ये अर्जासाठी नवे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा आधी नोंदणी केलेल्यांनाही सारी माहिती नव्याने भरावी लागली. ज्याची वही तयार होती त्याला असे काम जड जात नाही.

पासवर्ड प्रत्येक ठिकाणी निराळा असावा, निदान ई-मेलचा आणि बँकेचा तरी. ते लक्षात राहत नाहीत ही तक्रार खरी आहे. मग ते वेगळ्या कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. कपाटातील कागदापर्यंत परगावचा चोर पोहोचत नाही. मोबाइलमधील छायाचित्रापर्यंत मात्र तो पोहोचू शकतो. ई-मेलला दुहेरी पडताळणी लावा. ती लावल्यावर फोन हरवला तर कामी येणारे राखीव सांकेतिक आकडे मिळतात. तेही त्याच कपाटात ठेवा.

जीमेल वापरणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोफत जागा पंधरा जीबीची असते आणि त्यातच छायाचित्रेही साठतात. लग्नाच्या चित्रफितींनी ती भरली की नवे पत्र येणे थांबते आणि पाठवणाऱ्याला ते परत जाते. दुसरी गोष्ट, स्पॅमच्या कप्प्यातील पत्रे तीस दिवसांनी आपोआप पुसली जातात आणि खरे पत्रही कधी कधी त्या कप्प्यात जाऊन पडते. तिसरी, दोन वर्षे न वापरलेली खाती पुसून टाकण्याचे धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून अंमलात आणले आहे. म्हणून जुन्या पत्त्यावर प्रमाणपत्रे साठवली असतील तर तो पत्ता अधूनमधून उघडला पाहिजे.

ई-मेल पाहण्याचाही नित्यनेम असावा. सकाळी एकदा आणि सायंकाळी एकदा, स्पॅमच्या कप्प्यासह. हे किरकोळ वाटेल, पण यामागे मनाची एक अवस्था आहे. दहा ठिकाणांहून नकार आला की अकरावे पत्र उघडण्याची भीती वाटू लागते. मुलगा दिवसभर मोबाइल हातात घेऊन बसतो, सर्व काही पाहतो आणि टपालपेटी तेवढी टाळतो. घरच्यांना वाटते तो आळशी झाला. तो आळशी नसतो, तो दुखावलेला असतो. आईवडिलांनी 'काही झाले का?' असे रोज विचारण्यापेक्षा सायंकाळी दहा मिनिटे त्याच्या शेजारी बसून वही पुढे ओढावी. नकार वहीत लिहिला की तो एक नोंद होतो. मनात ठेवला की तो ओझे होतो.

मालेगावने घ्यायचा धडा

आता अवघड भागाकडे येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये येथील छावणी पोलीस ठाण्यात एक गुन्हा नोंदवला गेला आणि मालेगावचे नाव देशभर गाजले. तक्रारीचे स्वरूप असे होते: मक्याच्या व्यापारासाठी बँक खाती हवीत, तुम्हाला बाजार समितीत कामाला लावतो, असे सांगून काही तरुणांकडून आधार, पॅन आणि सिम कार्डे घेण्यात आली. त्यांच्या नावाने एका सहकारी बँकेच्या येथील शाखेत खाती उघडली गेली आणि थोड्याच दिवसांत त्या खात्यांतून शंभर कोटी रुपयांहून अधिक रकमेची उलाढाल झाली. अंमलबजावणी संचालनालयाने त्याच महिन्यात महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये छापे घातले. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. त्या प्रकरणावर राजकीय चर्चाही पुष्कळ झाली. आजचा माझा विषय ती चर्चा नाही. माझे लक्ष त्या तरुणांकडे जाते.

त्यांनी काय केले होते? त्यांनी काम मागितले होते. काम देतो म्हणणाऱ्याने कागद मागितले, ते त्यांनी दिले. आपल्यापैकी कोणाच्याही घरातील मुलाने हेच केले असते. नोकरी शोधणारा माणूस जितक्या सहजपणे आपले कागद अनोळखी हाती देतो, तितक्या सहजपणे तो आयुष्यात पुन्हा कधी देत नाही. ठकांना हे पक्के ठाऊक असते. कागद एकदा गेले, सिम गेले, ओटीपी गेला, की शिक्का दुसऱ्याच्या हाती गेला. पत्र तो लिहिणार आणि जबाब आपल्याला द्यावा लागणार.

याहून भीषण प्रकारही घडला आहे. चांगल्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमार-थायलंड सीमेवरील ठकबाजीच्या अड्ड्यांत नेऊन डांबण्यात आले आणि त्यांच्याकडून सक्तीने ऑनलाइन फसवणूक करवून घेण्यात आली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुदलाच्या विमानांनी अशा ५४९ जणांना परत आणले. त्यांच्यापर्यंत पोहोचलेली आमिषे समाजमाध्यमांवरून आलेली होती.

म्हणून काही खुणा पाठ करून ठेवा. नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागणारा नोकरी देत नसतो. सरकारी परीक्षेचे शुल्क असते, पण ते अधिकृत संकेतस्थळावरच भरायचे असते, कोणाच्या खासगी क्रमांकावर नाही. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता बहुधा 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' असा संपतो. बँकभरतीच्या आयबीपीएससारखे अपवाद आहेत. त्यामुळे पत्ता नेहमी मूळ जाहिरातीवरून किंवा 'रोजगार समाचार'मधून घ्यावा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या दुव्यावरून घेऊ नये. मोठ्या कंपनीचे नियुक्तिपत्र फुकटच्या ई-मेल पत्त्यावरून आले तर त्या कंपनीच्या मूळ कार्यालयात फोन करून खात्री करावी. 'तुमचे खाते महिनाभर वापरू द्या, दहा हजार देतो' असे कोणी म्हणाला तर तो नोकरी देत नाही, तुमचे नाव भाड्याने घेतो.

बायोडाटात आधार वा पॅन क्रमांक लिहू नये. तो कोणीही वाचू शकतो. प्राथमिक टप्प्यावर आधार मागितलाच तर शेवटचे चार आकडे तेवढे दिसणारी झाकलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून मिळते, ती द्यावी. झेरॉक्स देताना तिच्यावर कारण आणि तारीख लिहून सही करावी. आणि फसवणूक झालीच तर लाजेपोटी गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर गेलेली रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. दुसऱ्याची ओळख किंवा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. कायदा आपल्या बाजूने आहे, पण त्याच्याकडे आपणच गेले पाहिजे.

नोकरी लागली म्हणजे काम संपले असे समजू नये. शोधकाळात दहा-बारा संकेतस्थळांवर आपला बायोडाटा पसरलेला असतो. जी खाती आता नकोत ती बंद करावीत, बायोडाटा काढून घ्यावा. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपली माहिती पुसून टाकण्याची मागणी करण्याचा हक्क त्यात आहे. पण ती कोठे कोठे दिली आहे हे सांगायला पुन्हा आपली वहीच लागेल.

कार्यकर्त्यांसाठी

शेवटी कार्यकर्त्यांशी दोन शब्द. वस्तीत आठवड्यातून एक तास हे काम करता येईल. एक टेबल, एक संगणक आणि धीर असलेला एक माणूस एवढेच लागते. मात्र एक पथ्य पाळा. मुलाला खाते काढून देताना पासवर्ड टाकण्याची वेळ आली की तोंड दुसरीकडे वळवा. त्याने चार वेळा चुकवला तरी चालेल, पण तो त्यालाच टाकू द्या. ओटीपी तुमच्या मोबाइलवर मागवू नका, त्याची कागदपत्रे तुमच्या संगणकात ठेवू नका. ज्याला आपण मदत केली त्याला पुढच्या वेळी आपली गरज लागली नाही, तर ती मदत पुरी झाली. पेरलेले रोप रोज उपटून मुळे पाहायची नसतात, हे आपल्या डाळिंब उत्पादकांना सांगायला नको.

तरुण मित्रहो, नोकरी आज मिळेल, उद्या मिळेल. ती आपल्या एकट्याच्या हाती नाही. पण आपले नाव निर्मळ ठेवणे आपल्या हाती आहे, कारण नोकरी लागते तीही त्याच नावाने. आज घरी गेल्यावर एवढेच करा: आपला ई-मेल उघडा, तो कोणत्या क्रमांकाला जोडला आहे ते पाहा, आणि वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख घाला.